बालगृहातली शिस्त: मारणे, कोंडणे आणि धरून ठेवणे यांबद्दल कायदा काय सांगतो

बालगृह, निरीक्षणगृह, विशेष गृह, खुले निवारागृह अशा वेगवेगळ्या नावांनी चालणाऱ्या संस्थांत राहणारे मूल तिथे स्वतःच्या इच्छेने आलेले नसते. कुणाचे आईवडील हयात नसतात, कुणाला रेल्वे स्थानकावरून आणलेले असते, कुणी घरातल्या अत्याचारातून सुटलेले असते, तर कुणाविरुद्ध बाल न्याय मंडळापुढे प्रकरण चालू असते. अशी पन्नासेक मुले एका छताखाली राहू लागली की भांडणे होतात, वस्तू फुटतात, कुणी पळून जाण्याचा प्रयत्न करतो, कुणी रागाच्या भरात स्वतःचेच डोके भिंतीवर आपटतो. त्या क्षणी ड्यूटीवर असलेल्या गृहमातेने किंवा काळजीवाहकाने नेमके काय करायचे, काय मुळीच करायचे नाही आणि केले तर ते कुठे लिहून ठेवायचे, हा प्रश्न रोजचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात अर्धे आहे. मुलाला मारण्याविषयी कायदा अगदी स्पष्ट बोलतो. मुलाला धरून ठेवण्याविषयी, म्हणजे त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्यापासून रोखण्यासाठी बळ वापरण्याविषयी, तो जवळजवळ काहीच सांगत नाही. या दुसऱ्या भागाबद्दल संस्थांमध्ये फार गोंधळ आहे, आणि त्याचा त्रास मुलांना होतो तसाच प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही होतो.

मारण्याबद्दल कायदा काय म्हणतो

आपल्या देशात मुलाला फटके मारणे ही एके काळी न्यायालयाने द्यायची कायदेशीर शिक्षा होती. इंग्रजांच्या काळातल्या फटक्यांच्या कायद्यानुसार अल्पवयीन अपराध्याला इतर शिक्षेऐवजी वेताचे फटके देता येत असत, आणि ही तरतूद स्वातंत्र्यानंतरही १९५५ पर्यंत कागदावर टिकून होती. त्या वर्षी संसदेने फटक्यांची शिक्षा रद्द केली. न्यायालयाच्या आवारातून वेत गेला, परंतु संस्थेच्या आवारातून तो जावा यासाठी कायद्याला आणखी बराच काळ लागला. २००० सालच्या बाल न्याय कायद्यात मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद होती, पण शिस्तीसाठी केलेली मारहाण हा स्वतंत्र गुन्हा म्हणून त्यात मांडलेला नव्हता.

ते काम बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने केले. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याखाली २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले आहेत. या कायद्यात शारीरिक शिक्षेची व्याख्या आहे. मुलाने काही चूक केली म्हणून अद्दल घडवण्यासाठी, किंवा त्याला शिस्त लावण्यासाठी अथवा सुधारण्यासाठी, जाणूनबुजून वेदना देणारी शिक्षा म्हणजे शारीरिक शिक्षा. ‘त्याच्या भल्यासाठीच मारले’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही, कारण सुधारण्याचा हेतू व्याख्येतच समाविष्ट आहे. उठाबशा, कोंबडा करून उभे करणे, उन्हात गुडघ्यांवर बसवणे, अंगठे धरून वाकवून ठेवणे, कान पिरगाळणे हे प्रकार हात न उगारता केले तरी त्यांचा उद्देश वेदना देणे हाच असतो, म्हणून त्यांना या व्याख्येबाहेर ठेवता येत नाही.

कलम ८२ मध्ये शिक्षा सांगितली आहे. संस्थेचा प्रमुख किंवा कर्मचारी शिस्त लावण्याच्या हेतूने मुलाला शारीरिक शिक्षा करील, तर पहिल्यांदा दोषी ठरल्यावर १०,००० रुपये दंड आणि त्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोषी ठरलेला कर्मचारी नोकरीवरून काढला जाण्यास पात्र ठरतो आणि यापुढे मुलांसोबत प्रत्यक्ष काम करण्यास त्याला मनाई होते. माझ्या मते दंडापेक्षा ही मनाई अधिक महत्त्वाची आहे, कारण एका संस्थेतून काढलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत रुजू होणे हा प्रकार रोखण्याचा तोच मार्ग आहे.

याच कलमाचा तिसरा भाग फारच कमी विश्वस्तांनी वाचलेला असतो. संस्थेत शारीरिक शिक्षा झाल्याची तक्रार आली आणि व्यवस्थापनाने चौकशीत सहकार्य केले नाही, किंवा बालकल्याण समिती (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी समिती), बाल न्याय मंडळ, न्यायालय अथवा राज्य शासन यांचे आदेश पाळले नाहीत, तर व्यवस्थापनाच्या प्रमुखाला किमान तीन वर्षांचा कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मारणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आणि प्रकरण दाबणाऱ्याला किमान तीन वर्षे तुरुंग, असा हा हिशेब आहे. प्रथमदर्शनी तो उलटा वाटतो, पण संस्थांमध्ये मुलांचे जे सर्वांत मोठे नुकसान होते ते एका फटक्याने होत नाही. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून सगळ्यांनी मिळून गप्प बसण्याने ते होते, आणि कायद्याने वजन बरोबर तिथेच टाकले आहे.

मारहाण गंभीर असेल तर प्रकरण कलम ८२ वर थांबत नाही. कलम ७५ हे क्रूरतेचे कलम आहे. मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेल्या कोणत्याही व्यक्तीने त्याला मारहाण केली, त्याचा छळ केला किंवा त्याच्याकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले आणि त्यातून त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होण्याचा संभव निर्माण झाला, तर हे कलम लागते. असे करणारा माणूस मुलांची काळजी घेण्यासाठी नेमलेल्या संस्थेचा कर्मचारी किंवा चालक असेल, तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड इतकी वाढते. मुलाला अपंगत्व आले, मानसिक आजार जडला किंवा त्याच्या जिवाला धोका निर्माण झाला, तर ती तीन ते दहा वर्षे होते. दिव्यांग मुलाविरुद्ध कायद्याच्या या अध्यायातला कोणताही गुन्हा केल्यास कलम ८५ नुसार शिक्षा दुप्पट आहे.

येथे आश्रमशाळा आणि वसतिगृहांबद्दल सांगणे गरजेचे आहे, कारण पालक नेमका हाच प्रश्न विचारतात. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा या निवासी असल्या तरी शाळा आहेत. सहा ते चौदा वयोगटातल्या मुलांना तिथे शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू होतो आणि त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. मोठ्या मुलांसाठी आणि खाजगी वसतिगृहांसाठी कलम ७५ चा आधार आहेच, कारण ते कलम नोंदणीकृत बालगृहांपुरते मर्यादित नाही.

हात न लावता केलेल्या शिक्षा

शारीरिक शिक्षेची व्याख्या वेदनेभोवती फिरते, आणि म्हणून संस्थांमध्ये असा समज रुजला आहे की मारले नाही म्हणजे नियम पाळला. प्रत्यक्षात मुलांच्या आठवणीत राहतात त्या शिक्षा बहुतेक वेळा वेगळ्या असतात. रात्रीचे जेवण बंद करणे, आईचा फोन आला तरी बोलू न देणे, डोके भादरणे, अंथरूण ओले केले म्हणून ते डोक्यावर घेऊन सर्वांसमोर उभे करणे, एकाने चोरी केली म्हणून सगळ्या खोलीला झोपू न देणे.

यातल्या प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन मनाई करणारे कलम आपल्या कायद्यात सापडणार नाही. पण २०१५ च्या कायद्याच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य हिरावलेल्या अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने केलेल्या नियमांचा उल्लेख आहे, म्हणजे संसदेने ते नियम डोळ्यांसमोर ठेवून कायदा केला आहे. हे नियम हवाना नियम म्हणून ओळखले जातात आणि ते अगदी थेट बोलतात. शारीरिक शिक्षा, अंधारकोठडी, एकांतवास, आहार कमी करणे आणि कुटुंबाशी संपर्क तोडणे या शिक्षा म्हणून वापरता येत नाहीत. काम हे शिक्षणाचे साधन आहे, त्याला शिक्षा बनवता येत नाही. एकाच चुकीसाठी मुलाला दोनदा शिक्षा करता येत नाही आणि एकाच्या चुकीसाठी सगळ्या गटाला शिक्षा करता येत नाही. यांच्या जोडीला आपल्या कायद्याचे कलम ३ ठेवावे. त्यात मुलाची प्रतिष्ठा, सुरक्षितता आणि सहभाग ही तत्त्वे सर्व यंत्रणांना बंधनकारक केली आहेत.

अंथरूण ओले करण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्यावरून होणारा अपमान फार सर्रास चालतो. घर सुटलेल्या, मार खाल्लेल्या किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांमध्ये हे मोठ्या वयातही दिसते. ते मूल झोपेत असते, त्यात त्याची इच्छा नसते, आणि ज्या गोष्टीवर मुलाचा ताबाच नाही तिला बेशिस्त म्हणता येत नाही. ओले अंथरूण शांतपणे बदलणे, ही गोष्ट डॉक्टर आणि समुपदेशक यांच्या कानावर घालणे आणि बाकीच्या मुलांना त्यावरून चिडवू न देणे, इतकेच तिथे करायचे असते.

दुसरी गोष्ट मोठ्या मुलांच्या हाती दिलेल्या सत्तेची. अनेक संस्थांत एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ‘दादा’ असतो. रांग लावणे, दिवे बंद करणे, लहानांना गप्प बसवणे ही कामे त्याच्याकडे असतात, आणि ती तो कशी करतो याकडे कुणी पाहत नाही. कर्मचारी सांगू शकतात की आम्ही कुणालाच हात लावत नाही, आणि ते खरेही असते, कारण हात दादा लावतो. हवाना नियमांनुसार कोणत्याही मुलाकडे शिस्त लावण्याचे काम सोपवता येत नाही. खेळ, अभ्यास किंवा मुलांच्या स्वतःच्या समितीचे ठरावीक काम यांवर देखरेख करणे तेवढे त्यातून वगळले आहे. लहान मुलांना विचारल्याशिवाय ही व्यवस्था बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून तपासणीला जाणाऱ्याने सर्वांत लहान मुलांशी मोठ्या मुलांच्या गैरहजेरीत बोलले पाहिजे.

खोलीत कोंडणे

निरीक्षणगृहाचे मुख्य फाटक बंद असते, कारण मंडळाच्या आदेशाने ठेवलेले मूल परस्पर निघून जाऊ नये ही संस्थेची जबाबदारी असते. त्यावरून काही अधीक्षकांना वाटते की आतल्या एखाद्या खोलीत मुलाला बंद करणेही तितकेच कायदेशीर आहे. या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे. फाटक सगळ्यांसाठी बंद असते आणि त्याच्या आत मुलाला माणसे, जेवण, शिक्षण, खेळ, संडास हे सगळे उपलब्ध असते. खोलीत कोंडलेले मूल यांतल्या प्रत्येक गोष्टीपासून तोडलेले असते. भारतीय न्याय संहितेत एखाद्याला अन्यायाने अडवणे आणि अन्यायाने कोंडून ठेवणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि मूल संस्थेत राहते म्हणून ते या संरक्षणाला मुकत नाही.

चिडलेल्या मुलाला शांत जागी नेऊन बसवणे चुकीचे नाही. ते अनेकदा उपयोगी पडते. फक्त दार उघडे असावे, कुणीतरी मोठे माणूस दिसेल इतक्या अंतरावर बसलेले असावे आणि शांत झाल्यावर मूल स्वतःहून उठून येऊ शकावे. कडी बाहेरून लागली की तो एकांतवास झाला.

पळून जाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्हा केल्याचा आरोप असलेले किंवा तसा ठपका ठरलेले मूल, संस्थेतून पळाले आणि सापडले, तर त्याला परत आणता येते, परंतु पळून गेल्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई करता येत नाही, असे कलम २६ स्पष्ट सांगते. परत आल्यावर ‘बाकीच्यांना धडा मिळावा’ म्हणून त्या मुलाला कोंडणे किंवा मारणे याला कायद्यात कुठेही जागा नाही. खरे तर तो का पळाला हे विचारणे सर्वांत आधी आवश्यक असते, कारण त्याच्या उत्तरातून संस्थेतली एखादी लपलेली गोष्ट बाहेर येऊ शकते.

धरून ठेवणे

आता सर्वांत अवघड भागाकडे वळू. एखादी मुलगी काचेच्या तुकड्याने मनगट कापून घेत आहे, किंवा एक मुलगा दुसऱ्याचा गळा दाबत आहे. अशा वेळी कर्मचाऱ्याने हात लावला नाही तर ते दुर्लक्ष ठरेल. कोणताही समजूतदार माणूस मुलाला धरील, आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने, गरजेपुरते बळ वापरण्याला फौजदारी कायद्यातही संरक्षण आहे. मात्र ‘गरजेपुरते’ म्हणजे किती, कोणत्या पद्धतीने, किती वेळ आणि नंतर काय, हे बालगृहांसाठी आपल्या बाल न्याय कायद्याने पायरीपायरीने सांगितलेले नाही. पोलिसांबाबत या कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत ठाम वाक्य आहे की मुलाला बेड्या किंवा साखळ्या घालू नयेत आणि त्याच्यावर बळजबरी करू नये. संस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी असे तपशीलवार मार्गदर्शन मिळत नाही.

जवळात जवळचा भारतीय आधार मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. तो मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू होतो, बालगृहांना नाही, पण त्याचे कलम ९७ प्रत्येक अधीक्षकाने वाचावे असे मला मनापासून वाटते. त्यात एकांतात कोंडण्याला पूर्ण मनाई आहे. शारीरिक अटकाव केवळ तेव्हाच करता येतो, जेव्हा ताबडतोब होऊ घातलेली इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसतो आणि मानसोपचारतज्ज्ञाने त्याला मान्यता दिलेली असते. तो अगदी आवश्यक तेवढाच वेळ चालू शकतो. त्याची पद्धत, कारण आणि कालावधी लगेच लिहून ठेवावा लागतो. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून तो कधीही वापरता येत नाही, आणि कर्मचारी कमी आहेत या कारणासाठीही वापरता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ९५ मध्ये कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे.

कर्मचारी कमी असल्याची ती सबब कायद्याने नाकारली, याला फार अर्थ आहे. नमुना नियमांत संस्थेसाठी मोजकेच गृहमाता किंवा गृहपिता धरलेले आहेत. पाळ्या आणि रजा लक्षात घेतल्या तर रात्री अकरा वाजता पन्नास मुलांमागे एकच माणूस जागा असणे सहज शक्य आहे. एकट्या माणसाला चिडलेल्या मुलाशी अर्धा तास बोलत बसता येत नाही, कारण बाकीच्यांकडे कोण पाहणार? मग तो धाक वापरतो, बांधतो किंवा कोंडतो. हे समजून घेता येते, पण मान्य करता येत नाही, आणि याचे उत्तर त्या एकट्या माणसाने द्यायचे नसून पदे रिकामी ठेवणाऱ्यांनी द्यायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात बाल न्याय यंत्रणेतली रिक्त पदे भरण्याबद्दल राज्यांना बजावले होते, ते याच कारणासाठी महत्त्वाचे होते.

धरून ठेवणे धोकादायक का असते, हे शरीराच्या बाजूने समजून घेऊ. मुलाला पालथे पाडून पाठीवर गुडघा, कोपर किंवा शरीराचा भार टाकला की छाती फुगायला जागा राहत नाही आणि पोट दबल्यामुळे श्वासपटलही खाली सरकत नाही. मूल हवेसाठी धडपडते, आणि धरणाऱ्याला ती धडपड म्हणजे विरोध वाटतो, म्हणून तो अधिक दाबतो. मूल एकदम शांत झाले की सगळ्यांना हायसे वाटते, आणि अनेकदा तोच क्षण घातक असतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू येथील एका निवासी संस्थेत २०२० मध्ये सोळा वर्षांच्या मुलाने जेवणघरात सँडविच फेकले म्हणून अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरले, आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. त्यानंतर त्या राज्याने मुलाला पालथे पाडून धरण्यावर बंदी आणली. इंग्लंडमध्ये २००४ साली पंधरा वर्षांचा एक मुलगा तीन कर्मचाऱ्यांनी बसलेल्या स्थितीत धरून ठेवला असताना मरण पावला होता. तेव्हा पालथे पाडले नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नये.

इंग्लंडने बालगृहांसाठी २०१५ मध्ये केलेले नियम आपल्या संस्थांना स्वतःचे लेखी धोरण करताना उपयोगी पडतील. तिथे मुलाला धरण्याची मुभा फक्त कुणाला तरी होणारी इजा किंवा मालमत्तेचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी आहे, आणि बंदिस्त गृहांत मूल पळून जाऊ नये यासाठी आहे. सांगितलेले ऐकले नाही, शिवी दिली, अंथरुणातून उठला नाही ही कारणे त्यात बसत नाहीत. वापरलेले बळ आवश्यक आणि प्रमाणात असले पाहिजे. सुरीने वार करू पाहणाऱ्याचा हात पकडणे आणि पुस्तक फेकणाऱ्याला जमिनीवर आडवे करणे यांतला फरक या एका शब्दात सामावलेला आहे.

औषधाने गप्प करणे हाही अटकावच आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मूल रात्री फार ओरडते म्हणून त्याला झोपेची गोळी देणे, किंवा एका मुलासाठी लिहून दिलेले औषध दुसऱ्याला देणे, हे संस्थेच्या सोयीसाठी केलेले असते. पर्यायी देखभालीबाबत २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की औषधाने असा आवर फक्त उपचाराच्या गरजेसाठी घालता येतो, आणि तोही तज्ज्ञाने तपासून औषध लिहून दिल्याशिवाय कधीच नाही.

नोंद कशी असावी

इंग्लंडच्या नियमांतली नोंदीची पद्धत आपल्याकडे उद्यापासून सुरू करता येईल आणि त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. मुलाला धरण्याची वेळ आली की चोवीस तासांच्या आत लेखी नोंद झाली पाहिजे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत जबाबदार अधिकाऱ्याने धरणाऱ्या कर्मचाऱ्याशी त्याबद्दल बोलले पाहिजे. आणि पाच दिवसांच्या आत त्या मुलाशी बोलून त्याचे म्हणणे नोंदीत जोडले पाहिजे.

‘मुलगा आक्रमक झाला, त्याला नियंत्रणात आणले’ एवढे वाक्य म्हणजे नोंद नव्हे. आधी काय घडले होते, कोणत्या शब्दांनी समजावण्याचा प्रयत्न झाला, कुणी कुठे धरले, किती वाजता धरले आणि किती वाजता सोडले, श्वासावर आणि चेहऱ्याच्या रंगावर कोण लक्ष ठेवून होते, कुणाला काय लागले, डॉक्टरांनी केव्हा पाहिले, हे सगळे त्यात असावे. वर्षभराच्या अशा नोंदी एकत्र वाचल्या की कळते की बहुतेक घटना संध्याकाळी साडेसात वाजता, जेवणाच्या रांगेत, एकाच पाळीत घडतात. मग रांगेची पद्धत बदलता येते, पाळी बदलता येते, आणि धरण्याची वेळच कमी येते. प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही ही नोंद वाचवते, कारण पुढे आरोप झाला तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असते.

मग शिस्त कशी लावायची

नमुना नियमांनी याचा पाया दिला आहे, पण तो शिस्तीच्या शीर्षकाखाली नसल्यामुळे नजरेतून सुटतो. प्रत्येक संस्थेत मुलांच्या समित्या असाव्यात, आणि सहा ते दहा, अकरा ते पंधरा व सोळा ते अठरा अशा वयोगटांच्या त्या वेगवेगळ्या असाव्यात. दिनक्रम या समित्यांशी बोलून ठरवायचा आणि सर्वांना दिसेल असा लावायचा. संस्थेत होणाऱ्या छळाची माहिती देणे हेही समित्यांचे काम म्हणून नियमांत लिहिलेले आहे. टीव्ही किती वाजता बंद होणार हे मुलांनी स्वतः ठरवले असेल, तर तो बंद करताना होणारा वाद पूर्णपणे मिटत नाही, पण त्याचे रूप बदलते.

चुकीचा परिणाम चुकीशी जोडलेला असावा आणि तो मुलाला आधीपासून ठाऊक असावा. भिंत खराब केली तर मोठ्या माणसासोबत ती पुसायची, दुसऱ्याची वही फाडली तर ती चिकटवून किंवा नवी आणून द्यायची. एखादी सवलत एक-दोन दिवस थांबवता येईल, पण जेवण, झोप, शाळा, औषध, मोकळ्या हवेतला खेळ आणि घरच्यांशी बोलणे या सवलती नाहीत. निर्णय देण्याआधी मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि त्याला तो मान्य नसेल तर वरच्या माणसाकडे जाण्याची वाट असली पाहिजे.

पुन्हा पुन्हा चिडणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याची वैयक्तिक काळजी योजना उघडून बघावी. ही योजना प्रत्येक मुलासाठी करावी लागते, पण अनेक ठिकाणी ती दाखल होताना भरून फाइलला लावली जाते आणि पुन्हा वाचली जात नाही. कोणत्या गोष्टीने हे मूल बिथरते, त्याला कुणाजवळ शांत वाटते, मागून अचानक कुणी हात लावला तर त्याला काय आठवते, हे त्यात लिहिलेले असेल तर रात्रपाळीच्या नवीन माणसालाही मदत होते. मूल मानसिक आजाराने त्रस्त असेल तर त्याला योग्य उपचाराच्या ठिकाणी पाठवण्याची तरतूद कलम ९३ मध्ये आहे.

तक्रार आणि तपासणी

मुलाने तोंड उघडावे यासाठी नियमांत सूचनापेटी आहे आणि तिची किल्ली अधीक्षकाकडे नसते. ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते आणि पेटी मुलांच्या समितीच्या सदस्यांसमोर उघडायची असते. एखाद्या संस्थेत गेल्यावर पेटी शेवटची केव्हा उघडली हे जरूर विचारावे, आणि ती कार्यालयाच्या दारासमोर टांगलेली असेल तर मुले तिच्यात काही टाकणार नाहीत हेही लक्षात घ्यावे.

बाहेरून येणाऱ्यांचीही जबाबदारी कायद्याने ठरवली आहे. बालकल्याण समितीने निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोनदा आणि बाल न्याय मंडळाने आपल्या कक्षेतल्या संस्थांना महिन्यातून किमान एकदा भेट द्यायची असते. कलम ५४ नुसार तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा जायचे असते, तिच्या पथकात किमान तीन सदस्य असावेत आणि त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा. अशा भेटी रजिस्टरमध्ये सही करून संपल्या तर काय होते हे बिहारने पाहिले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने २०१७-१८ मध्ये तिथल्या संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले, आणि मुझफ्फरपूरच्या निवारागृहातले अत्याचार त्यातून उघड झाले. तपासणीची व्यवस्था त्याआधीही कागदावर होतीच. फरक एवढाच होता की या गटाने मुलींना विचारले आणि त्या सांगत होत्या ते लिहून घेतले.

कुणालाही, म्हणजे शेजाऱ्याला, स्वयंसेवकाला, शिकवणीला येणाऱ्या शिक्षकाला किंवा स्वतः मुलाला, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्ह्याची बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज देता येतो. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाच्या ‘ई-बालनिदान’ या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. शिक्षेच्या नावाखाली लैंगिक स्वरूपाचे काही घडल्याचा संशय असेल, तर तक्रार करायची की नाही हा पर्यायच उरत नाही. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

तक्रार देताना तारीख, वेळ, जागा आणि मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, कारण तपासात त्याला ते सगळे परत सांगावे लागणार असते. आणि अर्जातच एक मागणी आवर्जून करावी: चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या कर्मचाऱ्याला मुलांपासून दूर ठेवावे. अनेकदा उलटे घडते, तक्रार करणाऱ्या मुलाचीच ‘त्याच्या सुरक्षिततेसाठी’ दुसऱ्या जिल्ह्यात बदली होते, त्याची शाळा आणि मित्र सुटतात, आणि मागे राहिलेली मुले त्यातून काय समजायचे ते समजतात. मुलाला हलवायचे की नाही हा निर्णय बालकल्याण समितीने, आणि प्रकरण मंडळापुढे असेल तर मंडळाने, मुलाशी बोलून आणि कारणे लिहून घ्यायचा असतो. तो संस्थेने परस्पर घ्यायचा नसतो.